बहुधा

सांगलीच्या मार्केट यार्डात फेब्रुवारी सरता सरता नव्या हळदीची आवक वाढते आणि सौदे रंगात येतात. त्या दिवसांत तोलणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. हमाल पोतं काट्यावर ठेवतो, तोलणार आकडा वाचतो, काटापट्टीवर चढवतो, की पुढचं पोतं. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचे किती पैसे व्हायचे, ते त्या पट्टीवरच्या आकड्यांवर ठरतं.

या यार्डात एक तोलणार होते. घरात त्यांना सगळे आप्पा म्हणत. शेतकरी म्हणायचे, आप्पांची पट्टी डोळे मिटून घ्यावी. अडते म्हणायचे, माणूस सोन्यासारखा, पण हळू. घाईच्या दिवशी एखादा अडत्या जवळ येऊन सांगायचा, "आप्पा, एकाच शेतकऱ्याचा माल आहे, पोती एका मापाची आहेत. दहा तोला, बाकीची त्याच अंदाजानं चढवा." आप्पा म्हणायचे, "काट्यावर आलं न्हाई ते पट्टीवर येत न्हाई." पुढच्या हंगामात तो अडत्या दुसरा तोलणार बघायचा. तोलाई पोत्यामागं मिळते. पोती कमी झाली की घरात काय काय कमी होतं, हे आप्पांच्या दोन मुलींनी लहानपणापासून पाहिलं होतं.

थोरलीनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की आपण जे काम करू ते झपाट्यानं करू. शाळेची फी दर वर्षी उशिरा भरल्याचं तिच्या मनातून कधी गेलं नाही. ती प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाली, पुण्याला आली आणि हडपसरच्या एका कंपनीत मेडिकल कोडर म्हणून लागली. धाकटी परिचारिका झाली. मिरजेच्या एका रुग्णालयात तिनं दीड वर्ष वॉर्डात रात्रपाळ्या काढल्या. पगार पुरेना, तेव्हा थोरलीनंच तिला पुण्याला आणलं, स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं, कोडिंगच्या परीक्षेचा अभ्यास करून घेतला आणि आपल्याच कंपनीत चिकटवलं.

त्यांचं काम असं. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या माणसांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. म्हातारं माणूस आजारानं घराबाहेर पडू शकत नसेल आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तर परिचारिका घरी येऊन जखम धुते, औषधं लावून देते, वजन आणि रक्तदाब बघते. या सेवेला होम हेल्थ म्हणतात. पहिल्या भेटीत परिचारिका त्या माणसाची खडान्खडा माहिती लिहून घेते. ते सगळे कागद, रुग्णालयातून सोडतानाचा सारांश, डॉक्टरांच्या नोंदी, औषधांची यादी, असा एक 'चार्ट' पुण्यात पडद्यावर उघडतो. कोडरनं तो पूर्ण वाचून प्रत्येक निदानाला अक्षर आणि आकड्यांचा एक कोड द्यायचा आणि कोणतं निदान पहिलं, कोणतं दुसरं, हा क्रम लावायचा. डॉक्टर ६० दिवसांसाठी शुश्रूषेचा आराखडा मंजूर करतात, तो याच यादीवर उभा राहतो. १ जानेवारी २०२० पासून मेडिकेअर दर ३० दिवसांचे पैसे देताना आजार कोणत्या गटातला आहे, हे बघतं. म्हणजे ओहायोतल्या एखाद्या म्हातारीच्या घरी किती दिवस कोण येणार, काय करणार आणि त्याचे पैसे कसे मिळणार, याचा एक धागा हडपसरच्या एका खुर्चीपर्यंत येतो.

त्या खुर्चीवर बसताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. कागद आणि पेन आत न्यायची परवानगी नसते. रुग्णाची माहिती फुटू नये म्हणून अमेरिकेनं १९९६ साली कायदा केला, त्याचा हा पुण्यातला परिणाम. रुग्णाचं नाव पडद्यावर दिसतं, पण ते तोंडातून काढायचं नसतं.

कोडांचं पुस्तक जाडजूड आहे. त्याचं मूळ मेलेल्यांच्या मोजणीत आहे. १८९३ साली झाक बर्टिलाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी शिकागोत आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढं मांडली. ती वाढत गेली, १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडं आली आणि तिची दहावी आवृत्ती अमेरिकेनं आपल्या पद्धतीनं वाढवून १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली. मेलेल्यांसाठी सुरू झालेली ही यादी आज जिवंत माणसाच्या पलंगाशी जाऊन बसली आहे, हे कोडरनं कधी विसरू नये असं मला वाटतं.

या पुस्तकाचं नववं प्रकरण रक्ताभिसरणाचं. त्यातले सगळे कोड 'आय' या अक्षरानं सुरू होतात. होम हेल्थमध्ये या प्रकरणाशिवाय एक दिवस जात नाही. थोरलीला ते तोंडपाठ होतं. तिचं शिकवणं ऐकायला नवी मुलं जेवणाची सुट्टी सोडून बसत. ती सांगायची, "अर्धांगाचा झटका आला तेव्हाचा कोड आय ६३. तो रुग्णालयाचा. माणूस घरी आलं की झटका मागं पडतो आणि त्यानं मागं ठेवलेलं उरतं, लुळा हात, अडखळती जीभ. त्याला आय ६९. घरच्या चार्टवर आय ६३ लिहाल तर माणसाला आत्ता या क्षणी झटका येतोय असं लिहिल्यासारखं होईल." हृदयविकाराच्या झटक्याचा नियम वेगळा. तो चार आठवडे ताजा धरायचा, घरी आल्यावरसुद्धा. त्यानंतर जुना, आय २५.२. कोणत्या हाताला अर्धांग झालंय हे लिहिलंय, पण माणूस उजवखोरा की डावखोरा हे लिहिलेलं नाही, तर काय करायचं? उजवी बाजू लुळी असेल तर ती प्रमुख बाजू धरायची, डावी असेल तर नाही. पुस्तकानंच तसं सांगितलंय.

आणि तिचा सगळ्यात आवडता नियम उच्च रक्तदाबाचा. नुसता रक्तदाब असेल तर आय १०. पण त्याच माणसाला हार्ट फेल्युअर असेल, तर डॉक्टरांनी 'रक्तदाबामुळं' असं एक अक्षर लिहिलेलं नसलं तरी पुस्तक म्हणतं, जोडा. मग तो आय ११.० होतो. त्यात मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर तिन्ही जोडून आय १३. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं की यांचा एकमेकांशी संबंध नाही, तरच सोडायचं. नवख्यांना हे पचायला जड जातं. डॉक्टरनं म्हटलेलं नाही ते आपण कसं म्हणायचं? थोरली सांगायची, "आपण म्हणत नाही. पुस्तक म्हणतं. जिथं पुस्तक जोडायला सांगतं तिथं जोडायचं." हे वाक्य ती शंभरदा बोलली असेल. पण रोज जोडता जोडता हाताला जोडायची सवय लागते, आणि कुठं पुस्तक जोडतंय, कुठं आपण, यातली रेघ पुसट होत जाते. तिची कशी झाली ते आता सांगतो.

एका दुपारी तिच्यापुढं ओहायोचा एक चार्ट आला. ८१ वर्षांची बाई, एकटी राहणारी. नाव सांगायचं नाही, म्हणून आपण तिला आजी म्हणू. हार्ट फेल्युअर वाढल्यानं रुग्णालयात होती, घरी परतली. रक्तदाब होता, मूत्रपिंडाचा आजार तिसऱ्या टप्प्याच्या 'ब' पायरीवर. पूर्वी पुष्कळ वर्षं सिगारेट ओढलेली. दोन्ही पायांवर सूज, आणि डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला एक जुनी जखम. थोरलीनं पहिले तीन कोड घड्याळाकडं न बघता लावले. आय १३.०, आय ५०.३२, एन १८.३२. एकही चूक नाही. हे तीन कोड बरोबर क्रमानं लावायला नव्या माणसाला अर्धा तास लागतो.

मग जखम. डॉक्टरांनी लिहिलं होतं, डाव्या घोट्याला व्रण, 'प्रॉबेबल' शिरांचा. म्हणजे बहुधा. पायातल्या शिरांनी रक्त वर हृदयाकडं न्यायचं असतं. त्या थकल्या की रक्त खाली साचतं, सूज येते, कातडी फुटते. अशा जखमेवर पायाला घट्ट दाबाची पट्टी बांधतात. परिचारिकेनं पट्टीची सूचना लिहून घेतली होती, आठवड्यातून दोनदा. तिनं आणखी एक नोंद केली होती, आजी रात्री पलंगावर झोपत नाही, आरामखुर्चीत बसून झोपते. हार्ट फेल्युअरच्या माणसाला आडवं झालं की दम लागतो, खुर्चीत झोपणं त्याला धरूनच. सगळं जुळत होतं.

होम हेल्थच्या कोडिंगला एक नियम आहे, आणि तोही थोरलीला पाठ होता. रुग्णालयात भरती असलेल्या माणसाच्या कोडिंगमध्ये 'बहुधा', 'शक्यता आहे' असं लिहिलेलं निदान खात्रीचं समजून लिहिता येतं. घरच्या चार्टवर येत नाही. तिथं 'बहुधा' म्हणजे अजून ठरलेलं नाही. जखमेला जखमेचा कोड द्यायचा, एल ९७, आणि कारणाची जागा डॉक्टरांना विचारेपर्यंत रिकामी सोडायची. त्या विचारण्याला 'क्वेरी' म्हणतात. क्वेरी पाठवली की चार्ट अडकून पडतो, त्या दिवसाच्या आकड्यात धरला जात नाही. महिनाअखेर होती. टीम लीडच्या जागेसाठी तिचं नाव पुढं होतं. सूज होती, पट्टी होती, डॉक्टरांच्या मनातलं दिसतच होतं. तिनं आय ८७.२ लिहिला आणि चार्ट पुढं पाठवला.

आय ८७.२ म्हणजे शिरांची जुनाट अकार्यक्षमता. यात खोटं काही नव्हतं, एक शब्द तेवढा गळला होता. पण आराखडा छापून डॉक्टरांच्या टेबलावर गेला तेव्हा त्यात 'बहुधा' नव्हतं. इतर पंधरा कागदांबरोबर त्यावर सही झाली. परिचारिका बदलली, नवी आली. तिनं आराखडा वाचला, त्यात शिरांचा आजार असं ठाम छापलेलं होतं. तिनं पट्टी घट्ट बांधली.

साठ दिवस भरत आले की परिचारिका पुन्हा पूर्ण तपासणी करते आणि पुढच्या साठ दिवसांसाठी नवा चार्ट येतो. तो आला धाकटीकडं.

धाकटी हळू होती. आकडा गाठताना तिची दमछाक व्हायची. टीम लीडनं दोनदा समज दिली होती. तिला कोडापेक्षा माणूस आधी दिसायचा, आणि या कामात तो दिसला की वेळ लागतो. तिनं परिचारिकेच्या साठ दिवसांच्या नोंदी एकेक करून वाचल्या. जखम मोठी झालेली. कडा गोल, भोक पाडल्यासारख्या. पाऊल गार. बोटं पांढुरकी. आणि एका भेटीची एक ओळ होती. आजी म्हणते, रात्री पाय खुर्चीवरून खाली सोडला की दुखणं कमी होतं.

ही ओळ वाचून धाकटी थांबली. मिरजेच्या वॉर्डात तिनं असे पाय हातात धरले होते. शिरांचा पाय खाली सोडला की जड होतो, वर ठेवला की आराम पडतो. ज्या पायाला खाली लोंबकळून बरं वाटतं, त्या पायात रक्त पोचतच नसतं, दुखणं धमनीचं असतं. आजी खुर्चीत झोपत होती ती दमामुळं की पायामुळं? आणि पाय रात्रभर खाली सोडला की सूजही येणारच, मग ती बघून कुणालाही शिरांचाच आजार वाटावा. धमनी आधीच बंद होत आली असेल आणि वरून घट्ट पट्टी आवळली, तर उरलंसुरलं रक्तही अडतं.

तिनं मागचा चार्ट उघडला. डॉक्टरांचा मूळ कागद सापडला, त्यातलं 'प्रॉबेबल' सापडलं. पायातला रक्तदाब मोजल्याची नोंद कुठंच नव्हती. मग तिनं पहिल्या चार्टखालचा कोडरचा क्रमांक बघितला. तो ताईचा होता.

त्या रात्री खोलीवर भात शिजत असताना धाकटीनं सांगितलं. थोरली आधी चिडली. "डॉक्टरनं सही केलीय ना? नर्सनं पट्टी लिहिलीय ना? मग आपण कोण? तू नर्स होतीस, आता कोडर आहेस. निदान करायचं नाही."

"निदान नाही करत गं ताई. क्वेरी टाकते."

"क्वेरी टाकलीस की मागचे चार्ट तपासायला काढतील."

"माहीत आहे मला."

पुढं कुणी बोललं नाही. जेवणं झाली. थोरलीनं भांडी घासली, ओट्यावर पाणी मारलं आणि बाहेर गॅलरीत जाऊन आप्पांना फोन लावला. तब्येतीचं विचारलं, आईचं विचारलं, बाजाराचं विचारलं. मग म्हणाली, "आप्पा, तुम्ही कधी अंदाजानं चढवलंय का हो पट्टीवर?"

पलीकडं बराच वेळ आवाज नव्हता. मग आप्पा म्हणाले, "एकदा. तुझी कॉलेजची फी भरायची व्हती त्या वरसाला. चाळीस पोती. दहा तोलली, तीस चढिवली."

"मग?"

"मग काय न्हाई. त्यो शेतकरी पैसं घिऊन गेला. कमी भरली का जास्त, ते आजपातूर कळलं न्हाई मला. यार्डात हळद आली की त्येचं त्वांड दिसतं."

थोरली त्या रात्री किती झोपली, मला माहीत नाही. सकाळी ती धाकटीच्या आधी कचेरीत पोचली. धाकटीनं क्वेरीचा मसुदा लिहून ठेवला होता. थोरली तो वाचायला तिच्या खुर्चीमागं उभी राहिली. धाकटीनं लिहिलं होतं: पायाची लक्षणं बघता हा व्रण धमनीच्या आजाराचा आहे, कृपया दुजोरा द्यावा.

"हे खोड," थोरली म्हणाली.

धाकटीला वाटलं, ताई अजून रागातच आहे.

"खोड. तू पण तेच करतेयस जे मी केलं. मी शिरांचं धरून चालले, तू धमनीचं. तुझं बरोबर असेलही. पण डॉक्टरच्या तोंडात उत्तर घालून सही मागायची नाही. ती सही मग तुझी होते, त्यांची राहत नाही."

मग ती शेजारी बसली आणि एकेक ओळ सांगत गेली. पहिल्या दिवशी जखमेचं माप काय होतं, आज काय आहे. पावलाचं तापमान, बोटांचा रंग, आजीचे स्वतःचे शब्द, त्या त्या तारखेसकट. डॉक्टरांच्या पहिल्या नोंदीत 'प्रॉबेबल' हा शब्द होता, हेही. शेवटी प्रश्न, या व्रणाचं कारण काय? खाली पर्याय, शिरांचा आजार, धमनीचा आजार, दोन्ही मिळून, अन्य काही, किंवा सध्या सांगता येत नाही. कुठल्या उत्तरानं किती पैसे मिळतील याचा शब्दही क्वेरीत येऊ द्यायचा नसतो, तोही आला नाही. पर्यायांचा क्रम धाकटीनं बदलून धमनी वर आणली होती. थोरलीनं तो परत होता तसा केला. अशी क्वेरी लिहायला त्या मजल्यावर तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी तिनं ती लिहिली असती, तर त्यात दहा मिनिटं गेली असती.

क्वेरी गेल्यावर ती तपासणी विभागाच्या मॅडमकडं गेली आणि म्हणाली, "मागचा चार्ट माझा आहे. डॉक्टरांचं निदान खात्रीचं नव्हतं आणि मी खात्रीचा कोड दिला. नियम मला माहीत होता." मॅडमनी विचारलं, नजरचुकीनं झालं असं लिहू का? थोरली नाही म्हणाली.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. डॉक्टरांनी आजीला बोलावून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजला होता. या दोन आकड्यांचं गुणोत्तर निरोगी माणसात एकच्या आसपास असतं. ०.९ च्या खाली गेलं की पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं समजतात. ०.५ च्याही खाली असेल तर त्या पायाला दाबाची पट्टी बांधत नाहीत. आजीच्या डाव्या पायाचं गुणोत्तर ०.४४ निघालं. पट्टी त्याच दिवशी काढली. रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडं चिठ्ठी गेली. डॉक्टरांनी लिहिलं, डाव्या पायाच्या धमन्या आतून कठीण आणि अरुंद झाल्या आहेत, घोट्यावरचा व्रण त्याचाच. या वेळी कुठंही 'बहुधा' नव्हतं. धाकटीनं आय ७०.२४३ लिहिला, त्याखाली एल ९७ मधला घोट्याचा कोड.

टीम लीडची जागा त्या वेळी दुसऱ्या मुलाला मिळाली. धाकटीच्या हळूपणाबद्दलची समज तिच्या कागदांवर तशीच राहिली. थोरलीच्या मागच्या सहा महिन्यांच्या चार्टपैकी काही काढून तपासले, त्यात अशाच आणखी दोन जोडण्या सापडल्या. त्याही दुरुस्तीला गेल्या. एकीत डॉक्टरांनी तिच्याच अंदाजाला दुजोरा दिला. तिला त्याचा आनंद झाला नाही. आपण बरोबर निघालो ते चुकूनच, असं ती मला म्हणाली.

कोडरला माणसाचं पुढं काय झालं हे सहसा कळत नाही. चार्ट बंद होतो, दुसरा उघडतो. कळलंच तर एखाद्या कोडातून कळतं. दोन-अडीच महिन्यांनी ओहायोचा एक चार्ट वाटणीत थोरलीकडं आला. रुग्णालयातून घरी परतलेली, ८१ वर्षांची, एकटी राहणारी. नावावर नजर गेली आणि तिचे हात थांबले. तिनं सारांश वरपासून खालपर्यंत वाचला. पायाची धमनी फुगा घालून मोकळी केली होती. पाऊल ऊबदार, रंग चांगला. घोट्याची जखम भरत आलेली. डाव्या पायाचं एक बोट मात्र वाचलं नव्हतं, ते काढावं लागलं. ते आवळलेल्या पट्टीमुळं गेलं, की आजारच तितका पुढं गेला होता, हे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

परिचारिकेनं लिहिलं होतं, आजी आता रात्री पलंगावर झोपते, दोन उशा घेऊन.

थोरलीनं तो चार्ट दोनदा वाचला. डॉक्टरांची प्रत्येक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहिली. कोणतं बोट हे एका कागदावर लिहिलं होतं, दुसऱ्यावर नव्हतं, म्हणून तिसरा उघडून खात्री केली. मग यादीच्या खालच्या ओळीत तिनं झेड ८९.४२२ लिहिला. डाव्या पायाचं बोट, अंगठा सोडून, नाही.

त्या दिवशी तिचे पाच चार्ट झाले. ठरलेले सहा होते.